वाट खडीची, जंगल कुणाचं?

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायरमध्ये, ब्रोकनहर्स्ट नावाचं गाव आहे. लंडनहून येणारी रेल्वे तिथे थांबते. स्टेशनातून सायकल बाहेर काढली की थोड्याच वेळात डांबर संपतं आणि खडी सुरू होते. दोन्ही बाजूंना ओक आणि बीचची झाडं, मध्येच मोकळं माळरान, त्यावर चरणारी घोडी. गाड्यांचा आवाज मागे पडतो. टायरखाली खडी करकरते, तेवढीच ऐकू येते.

हे न्यू फॉरेस्ट. ग्रॅव्हल सायकलिंग करणाऱ्यांचं लाडकं ठिकाण. ग्रॅव्हल बाइकला रोड बाइकसारखं वाकडं हँडल असतं, पण टायर जाड आणि खाचांचे. डांबरावर पळते, कच्च्या रस्त्यावरही टिकते. २००६ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत भरली, तेव्हा ३४ जण उतरले होते. आज तिथे हजारो येतात. या सायकलींचे रील तुमच्याही फीडमध्ये आले असतील : धुकं, जुनी झाडं, निर्मनुष्य वाट. बघताना वाटतं, या जंगलाला कुणी हातच लावलेला नसावा. प्रत्यक्षात नऊशेहून जास्त वर्षं ते कुणाचं, यावरच भांडण चाललं आहे. ती खडीची वाटही त्याच भांडणातून आलेली आहे.

नाव 'न्यू' असलं तरी जंगल जुनं. १०७९च्या सुमाराला विल्यम द कॉन्करर या राजाने हा मुलूख स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. त्या काळी 'फॉरेस्ट' म्हणजे जिथे राजाचा शिकारीचा कायदा चालतो असा प्रदेश. त्यात झाडीसोबत माळ, दलदल, गावं, शेतं सगळंच आलं. हरणं राजाची. ती मोकळी फिरावीत म्हणून गावकऱ्यांनी शेताला पक्कं कुंपण घालायचं नाही. याच जंगलात २ ऑगस्ट ११०० रोजी विल्यमचा मुलगा, राजा विल्यम रूफस, शिकारीत बाण लागून मेला. अपघात की खून, हा वाद अजून मिटलेला नाही.

गावकऱ्यांच्या हाती उरली ती चराई. घोडी आणि गुरं जंगलात सोडायची, सरपण आणायचं, पानगळीच्या दिवसांत ओकची फळं खायला डुकरं सोडायची. १२१७च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट' या सनदेने सामान्यांचे असे हक्क लेखी मान्य केले. हरीण मारल्याबद्दल जीव घेण्याची किंवा हातपाय तोडण्याची शिक्षाही तिने बंद केली.

पुढे राजाला हरणांपेक्षा लाकूड जास्त हवंसं झालं. युद्धनौका ओकच्या लाकडाच्या बनत. १६९८च्या कायद्याने जंगलाचे तुकडे कुंपणात घेऊन आरमारासाठी ओक लावायचं ठरलं. कुंपण आलं, की तेवढी चराई गेली. न्यू फॉरेस्टच्या काठी बकलर्स हार्ड हे छोटं गाव आहे. तिथे १७८१ साली 'अ‍ॅगामेम्नॉन' ही युद्धनौका पाण्यात उतरली. तिच्यासाठी सुमारे २,००० ओक लागले, असं सांगतात. पुढे नेल्सन तिचा कप्तान झाला. ट्रफाल्गारच्या लढाईतही ती होती.

एक ओक जहाजाजोगा व्हायला शंभर वर्षं तरी लागतात. लढायांना तेवढा धीर नसतो. ओक कमी पडू लागले तशी इंग्रजांची नजर आपल्याकडच्या सागाकडे वळली. ब्रिटिश आरमाराची 'ट्रिंकोमाली' ही नौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली, सागाची बांधली गेली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती आजही पाण्यावर तरंगताना बघायला मिळते.

तिकडे न्यू फॉरेस्टमध्ये ओकची लागवड चालूच होती. आणि १८६० साली लोखंडी सांगाड्याची 'वॉरियर' पाण्यात उतरली. नेल्सनच्या काळानंतर लावलेली झाडं अजून पुरती वाढलीही नव्हती, तोवर त्यांचं गिऱ्हाईकच संपलं.

सरकारची भूक मात्र संपली नव्हती. १८५१च्या कायद्याने शाही हरणं हटवायचं ठरलं आणि त्या बदल्यात आणखी १०,००० एकर कुंपणात घ्यायची मुभा सरकारला मिळाली. जुनी झाडी तोडून नवी लागवड होऊ लागली, तसे चराईवाले, जमीनदार आणि निसर्गप्रेमी असे सगळे उठले. १८७१मध्ये हेन्री फॉसेट या खासदाराने संसदेत ठराव आणला : नवा कायदा होईपर्यंत जुनी झाडं तोडायची नाहीत, नवं कुंपण घालायचं नाही. ठराव मंजूर झाला. फॉसेट तरुणपणीच शिकारीतल्या अपघातात दृष्टी गमावून बसले होते. हिंदुस्थानच्या पैशाचा हिशेब ते संसदेत इतक्या नेटाने मागत, की त्यांना 'मेंबर फॉर इंडिया' म्हणत. शेवटी १८७७चा कायदा आला. नवी कुंपणं थांबली, जुन्या झाडीला संरक्षण मिळालं, चराईवाल्यांचं न्यायालय नव्याने उभं राहिलं.

पुढच्याच वर्षी, १८७८मध्ये, हिंदुस्थानासाठी वन कायदा झाला. त्याची दिशा नेमकी उलटी. राखीव जंगलात चरायला, लाकूडफाटा आणायला, राबासाठी फांद्या तोडायला जे पिढीजात चालत आलं होतं, ते सरकारच्या मर्जीवर गेलं. ठाणे आणि कुलाब्यात इतका असंतोष झाला, की सरकारला १८८५मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. साम्राज्य एकच. पण हॅम्पशायरच्या गावकऱ्याच्या बाजूने वकील होता, खासदार होता. ठाण्याच्या वारल्याकडे, कातकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

खडीची गोष्ट त्यानंतरची. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची टंचाई भोवली आणि १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं. न्यू फॉरेस्टची सरकारी जंगलं पुढे त्याच्याच ताब्यात आली. झटपट वाढणारी सूचिपर्णी झाडं लावली गेली आणि ती तोडून लॉरीतून न्यायला खडीचे रस्ते झाले. आज सायकलींसाठी खुणा केलेल्या सुमारे १६० किलोमीटर वाटा आहेत, त्यांतल्या कितीतरी म्हणजे हेच ओंडके वाहायचे रस्ते. काही वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. १८४७ साली सुरू झालेला तो मार्ग १९६४मध्ये बंद पडला.

खुणा सोडून आत सायकल घालायला मनाई आहे. आपल्याला ती जाचक वाटू शकते. पण ती माळावरची घोडी रानटी नाहीत. प्रत्येकीला मालक आहे, अंगावर त्याचा डाग आहे. कुणाच्या हद्दीतली ते शेपटीचे केस ज्या तऱ्हेने कापलेत त्यावरून कळतं. पानगळीत अजूनही डुकरं सुटतात. हिरवी ओकफळं घोड्यांना विषारी, ती डुकरं आधी फस्त करतात. राजाने, आरमाराने आणि कमिशनने गिळूनही जंगल उरलं, त्यात या चरणाऱ्या तोंडांचा मोठा वाटा आहे.

सह्याद्रीतही आता जाड टायरच्या सायकली दिसतात. वनखात्याच्या रस्त्यावर, कारवीच्या कडेने. तिथे डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली, तर घंटी वाजवू नका. उतरून बाजूला व्हा. वाट तिची आधीची आहे.