मुतवल्लीचा हिशेब

मशिदीचा हिशेब विचारला की आपल्याकडे अनेकांना तो मुतवल्लीवरचा अविश्वास वाटतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

खैबर इथली आपली जमीन हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) सल्ल्याने वक्फ केली. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. फक्त उत्पन्न गरीब, नातलग, प्रवासी, पाहुणे यांच्यावर खर्चायचे. देखभाल करणाऱ्याने त्यातून रास्त तेवढे खावे, संपत्ती साठवू नये. आज सेवाभावी संस्थांचे हिशेब शिकताना कॉमर्सचे विद्यार्थी मूळ निधी आणि त्याचे उत्पन्न वेगळे मांडतात. तोच भेद या अटींत आहे.

जकात वसूल करून आलेल्या अधिकाऱ्याचा हिशेब खुद्द प्रेषितांनी घेतला. काही माल आपल्याला भेट मिळाला, असे तो म्हणाला. आईवडिलांच्या घरी बसला असता तर ही भेट आली असती का, असे प्रेषितांनी विचारले.

हिंदुस्थानात १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने मुतवल्लीला दरवर्षी न्यायालयात तपासलेला हिशेब देणे बंधनकारक केले. कसूर केल्यास पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड होता. कुटुंबाच्या लाभाचे वक्फ मात्र वगळले होते. पुढे १९५४ आणि १९९५ च्या कायद्यांनी देखरेख वक्फ बोर्डांकडे दिली.

म्हणून नुसती एकूण जमा सांगून भागत नाही. जकातीचे किती, दुरुस्तीचे किती, मदरशाचे किती, हे वेगवेगळे दिसले पाहिजे. देणाऱ्याची नियत त्या रकान्यांतच जपली जाते. हिशेब विचारणे हा जमातीचा हक्क आहे आणि तो देण्यात मुतवल्लीची इज्जतच आहे.