यंत्रेतिहासातील चौथा प्रश्न : इंधन-अंतःक्षेपण व दोषशोधन

यंत्रांचा इतिहास लिहिताना संशोधकाची दृष्टी सामान्यतः तीन प्रश्नांवर खिळलेली असते : यंत्र कोणी केले, केव्हा केले आणि किती केले. बंद पडलेले यंत्र कोणी व कोणत्या रीतीने पुन्हा चालू केले, हा चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इंधन-अंतःक्षेपण, म्हणजेच प्रचारातील फ्युएल इंजेक्शन, याचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचे महत्त्व दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कुंडल हे औंध संस्थानातील गाव. तेथील 'कुंडल रोड' स्थानकाजवळचा ओसाड माळ औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला व १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व पंप यांमुळे यंत्रविद्या या भागातील शेतकऱ्याच्या दारी आली. पुढे १९४६ मध्ये याच घराण्याने पुण्याजवळ खडकी येथे ऑइल इंजिनांचा कारखाना स्थापन केला, आणि अशी डिझेल इंजिने महाराष्ट्रातील विहिरीविहिरींवर बसली.

डिझेल इंजिनातील अंतःक्षेपण मुळात यांत्रिक होते. पंपाचा दट्ट्या इंधनावर दाब आणी व इंजेक्टर ते नळकांड्यात फवारी. विजेचा तेथे संबंध नसे. अनेक नळकांड्यांच्या इंजिनात एखादे काम करीनासे झाले, की मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या नळीची चाकी क्रमाने सैल करी. ज्या चाकीने इंजिनाचा आवाज बदलत नसे, तेथे दोष. कान हेच त्याचे मापनयंत्र होते.

पेट्रोल मोटारींत निराळा मार्ग निघाला. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५० नंतरच्या दशकात विद्युत्-नियंत्रित अंतःक्षेपणाचा प्रयोग केला. तो मोजक्याच मोटारींपुरता राहिला. जर्मनीतील बॉश कंपनीची 'डी-जेट्रॉनिक' योजना १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या मोटारीवर आली. तीत इंधनाचा दाब स्थिर असे; इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवावयाचा, हे नियंत्रक-पेटी ठरवी. त्यासाठी हवेच्या नळीतील दाब, इंजिनाचे तापमान आणि डिस्ट्रिब्यूटरमधील संपर्क यांची साक्ष ती घेई.

दोषशोधनाची खरी अडचण या साक्षीतच आहे. तापमान सांगणाऱ्या संवेदकाचा विद्युत्-रोध २० अंशांवर सुमारे अडीच हजार ओहम असतो. ८० अंशांवर तो तीनशेच्या आसपास उतरतो. संवेदकाची तार तुटली, तर रोध अमर्याद होतो. नियंत्रक-पेटी त्याचा अर्थ 'तार तुटली' असा न लावता 'इंजिन अतिशय गार आहे' असा लावते आणि इंधनाचा भडिमार करते. काळा धूर पाहून नवशिका इंजेक्टर बदलतो किंवा महागड्या पेटीलाच दोष देतो. दोष असतो तो गंजलेल्या जोडात, ढिल्या अर्थिंगमध्ये किंवा उष्णतेने तडकलेल्या तारेच्या वेष्टनात. दोषांची नोंद ठेवण्याची सोय या जुन्या पेटीत नव्हती. म्हणून आधी बॅटरी, मग अर्थिंग, मग प्रत्येक जोड, नंतर संवेदक आणि सर्वांत शेवटी पेटी, असा क्रम अनुभवी कारागीर पाळतो. इंजेक्टरचे जोड एकेक करून काढून पाहण्याची त्याची रीत डिझेल-मिस्त्रीचीच आहे. वर्जनाची पद्धत टिकली. मात्र कानाच्या जोडीला ओहम-मापक आला.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये. साधनाचे मौन हीच साक्ष समजणे हा आपल्याही व्यवसायातील नित्याचा प्रमाद आहे. कारखान्याच्या दप्तरात दुरुस्ती करणाराचे नाव नाही, यावरून दुरुस्तीला इतिहास नाही असे ठरविणे, म्हणजे तुटलेल्या तारेला थंडी समजणेच होय.

भारतात पेट्रोल मोटारींचे कार्बोरेटर २००० च्या सुमारास प्रदूषणविषयक नियमांमुळे मागे पडले. दोन्ही पद्धती हाताळलेली कारागिरांची पिढी आज वृद्ध होत आहे. त्यांच्या दुरुस्ती-वह्या, हाताने दुरुस्त केलेले तारांचे नकाशे आणि तोंडी साक्षी कुंडल-किर्लोस्करवाडीसारख्या परिसरांतून वेळीच गोळा केल्या नाहीत, तर पुढील संशोधकास संस्थापकांची चरित्रे व उत्पादनाचे आकडे मिळतील. पण ती यंत्रे चालती कशी राहिली, हे सांगणारे साधन हाती लागणार नाही.