गुळाच्या ढेपेची कुळकथा

उसाचा रस आटवून घट्ट करण्याची विद्या भारतात किती जुनी आहे, याची साक्ष कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळते. तेथे फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा हे पदार्थ एकाच वर्गात नोंदलेले असून ते त्या क्रमाने पाहिले, तर पातळ काकवीपासून निखळ दाण्यापर्यंतची वाटचाल लक्षात येते. ही विद्या शिकून घेण्यासाठी चीनचा तांग सम्राट ताइत्सुंग याने इ. स. 647 मध्ये मगधात माणसे पाठवली होती. या मालिकेत गूळ साखरेच्या आधी येतो, म्हणून त्याला साखरेची कच्ची पायरी समजण्याची रीत पडली. ती मात्र गुळावर अन्याय करणारी आहे.

साखरेत सुक्रोजचे स्फटिक, म्हणजे ठरावीक रचनेत बसलेल्या रेणूंचे दाणे, बाकीच्या द्रवापासून वेगळे काढले जातात. गुळात सारे एकत्रच ठेवून घट्ट करायचे असते. गुळात साधारण 65 ते 85 टक्के सुक्रोज असते आणि उरलेल्या भागात ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार व पाणी असते. हे सोबती सुक्रोजच्या रेणूंच्या वाटेत येत असल्याने खडीसाखरेसारखे मोठे खडे न धरता बारीक कण तयार होतात आणि दाट पाक त्यांना एकमेकांशी जखडून ठेवतो. मिश्रणातला एक घटक दुसऱ्याच्या स्फटिकांना असा आवर घालतो. गुऱ्हाळावर हेच तत्त्व कित्येक शतके हातांनी सांभाळले जात आले आहे.

उदाहरण म्हणून परभणी जिल्हा घेऊ; तेथे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड हे तालुके गोदाकाठचे आहेत. येलदरी धरण आणि जायकवाडीचा डावा कालवा यांचे पाणी येण्यापूर्वी ऊस विहिरीच्या ओलिताचे पीक होता आणि साखर कारखाना जवळ नसलेल्या काळात त्याचा गूळ करणे हाच स्वाभाविक मार्ग होता. चरकातून निघालेला रस काहिलीत ओतून खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ घालतात. रस आंबट असेल, किंवा तोडलेला ऊस पडून राहिला असेल, तर उष्णतेने सुक्रोज फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज वाढतात आणि गूळ बसत नाही, म्हणून चुन्याची निवळी घालून आंबटपणा कमी केला जातो. चुना जास्त झाला, तर गूळ काळवंडतो. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढता येते.

खरी कसोटी त्यानंतर लागते. काकवीसाठी पाक सुमारे 105 अंश सेल्सिअसला उतरवतात, ढेपेसाठी तो 118 अंशांच्या आसपास न्यावा लागतो, कारण पाणी जितके उडते तितका उत्कलनांक चढतो. गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे बोटांनी पाहतो. थोडी घाई झाली, तर ढेप मऊ राहून पावसाळ्यात तिला पाणी सुटते, कारण फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेते, आणि उशीर झाला तर पाक करपतो. वाफ्यात ओतलेला पाक लाकडी हात्याने ढवळला जातो, त्या घुसळणीने स्फटिकांची असंख्य बीजे एकदम धरतात आणि गूळ रवाळ होतो. पाक आणखी दोन-तीन अंश तापवून तो थंड होईपर्यंत घोटत राहिले, तर ढेप न बसता दाणेदार गूळ सुटा होतो. बाजारात पिशवीतून मिळणारी गूळ पावडर याच घोटणीतून आलेली आहे.