शरीराचा ताम्रपट : टाइप १ मधुमेह आणि मूत्रपिंड

१/ वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे सापडलेल्या ताम्रपटामुळे विंध्यशक्ती द्वितीय या राजाने दिलेले दान आजही वाचता येते. शरीरही असा लेख जपते. टाइप १ मधुमेहात तो मूत्रपिंडावर कोरला जातो. वैद्यकाला तो कसा वाचता आला, हे पाहू.

२/ या आजारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. एकेकाळी निदान म्हणजे मृत्यूच. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले. तो आणखी १३ वर्षे जगला.

३/ रुग्णांचे आयुष्य वाढले, तशी दीर्घकालीन हानी दिसू लागली. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या मूत्रपिंडातील गाठींसारखे बदल नोंदवले. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या बिघडतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

४/ साखर काटेकोर राखल्यास हे टळते का? यावर दशकानुदशके वाद होता. अमेरिका व कॅनडातील डीसीसीटी या अभ्यासात टाइप १ चे १,४४१ रुग्ण दोन गटांत विभागले गेले. १९९३ चा निकाल असा : काटेकोर उपचारांच्या गटात अल्ब्युमिन झिरपू लागण्याचा धोका ३९ टक्क्यांनी कमी. मात्र साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट. लाभ निर्विवाद, पण फुकटचा नव्हे.

५/ खरे आश्चर्य पुढेच होते. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही, सुमारे २२ वर्षांच्या पाठपुराव्यात मूत्रपिंडाचे कार्य लक्षणीय घटलेले रुग्ण काटेकोर गटात २४, तर दुसऱ्यात ४६ निघाले. आरंभीच्या वर्षांचा लेख पुसला गेला नव्हता. वैद्यक याला ‘चयापचयाची स्मृती’ म्हणते.

६/ म्हणून आज वाशीमच्या एखाद्या शाळकरी मुलाला हा आजार जडला, तर त्याची पहिली वर्षेच मोलाची. इन्सुलिन, साखरेची नियमित तपासणी आणि आजाराला पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिनची चाचणी, हे त्याला मिळायलाच हवे. उशीर झाला असला, तरी साखर सावरण्याचा उपयोग होतोच. ताम्रपटावर कोरलेले बदलत नाही. पण पुढच्या ओळी अजून कोरायच्या आहेत.