चित्त्याची टोपी काढणारा माणूस

शिकारीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाघ उभा राहतो. देवळ्यात तर राहणारच. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला, त्याआधी हा बागलाणचा पट्टा खानदेशात होता; आणि खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स आउट्रमच्या वाघांच्या कथा इंग्रजांनी भरभरून लिहिल्यात. माग भिल्लांनी काढायचा, नाव साहेबाचं. माळावरच्या काळविटाच्या शिकारीतही हेच झालं, पण तिकडे आपलं लक्ष जात नाही.

काळवीट उघड्यावर राहतं. लांबून दिसतं खरं, पण त्यालाही आपण लांबूनच दिसतो. मग जवळ जायचं कसं? बैलगाडीतून. रोजच्या बघण्यातल्या गाडीला कळप फारसा बुजत नाही. कोल्हापूर संस्थानात अशा गाडीवर चित्ता बसवत. डोळ्यांवर टोपी, कमरेला दोर. चित्तेवान गाडी सरळ कळपावर घालायचा नाही, तिरकी, वळसे घेत न्यायचा. शे-दोनशे पावलांवर आलं की टोपी काढायची. पुढचा खेळ मिनिटभराचा. साधलं तर चित्ता काळविटाचं नरडं धरून बसे. खरी कसोटी तर यानंतर! ती पकड सोडवायची. पळीत रक्त धरून चित्त्याला चाटवायचं आणि तेवढ्यात टोपी पुन्हा चढवायची. आता सांगा, शिकार कोणी केली? मागे उभं राहून बघणाऱ्या पाहुण्यांनी?

त्या काळी पाळलेला चित्ता वीत नसे. जहांगीराच्या काळातली एक नोंद तेवढी अपवाद. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणायचा. पुढे आपल्याकडचे संपत आले तेव्हा कोल्हापूर, भावनगर ही संस्थानं आफ्रिकेतून चित्ते आणू लागली.

जनावर धरणं, माळ वाचणं हे पारध्यांचं पिढीजात काम. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या पारध्यांच्या पोटशाखा नोंदवल्या. त्यांत फास लावणारे फासेपारधी आहेत, चित्ते बाळगणारे आहेत, बैलाच्या आडून कळपापर्यंत जाणारे गायकेही आहेत. आपल्या मते ही नावं म्हणजे एका विद्येच्या शाखाच. पण १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि याच माणसांमागे पोलिसांचा ससेमिरा लागला. शाहू महाराजांनी मात्र फासेपारध्यांना पहाऱ्यावर नेमलं. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्याच्याच हाती राखण!

१९५२ मध्ये तो कायदा गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला संरक्षण दिलं. ते हवंच होतं. नाहीतर माळ रिकामे झाले असते. पण पारध्याचा धंदा बंद करताना त्याला हातात दुसरं काय दिलं, हे कोणी फारसं पाहिलं नाही.

आज आपल्या जिल्ह्यात काळवीट बघायचं तर येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या राखीव क्षेत्राकडे जावं लागतं. आणि तिकडे अकोला-वाशीमच्या बाजूला काही फासेपारधी तणमोरासाठी गवताचे माळ राखताहेत. पक्षी कुठल्या गवतात बसतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.