सशाच्या शिरेचा फांसा

हिमारण्यांतील शिकार म्हटली कीं बंदूक डोळ्यांपुढें येते. पण ११ जानेवारी १७७२ रोजीं, उत्तर कॅनडांत तंबू टाकीत, शिकार करीत चाललेल्या सॅम्युअल हर्न या इंग्रज प्रवाशाच्या सोबत्यांना हिमपादुकांच्या मागावरून एका झोपडींत एकटी डॉगरिब तरुणी आढळली. तिचें तान्हें मूल मारणाऱ्या शत्रूंच्या कैदेंतून ती निसटली होती. सात महिने तिनें मनुष्याचें तोंड पाहिलें नव्हतें. जवळची हरणाची तांत सरतांच तिनें सशांच्या पायांतील शिरांचे फांसे केले. त्यांत ससे, तित्तिर, खारी सांपडत. मांसानें भूक भागे, कातड्यांचीं वस्त्रें होत. तीं ती सजवीतही असे. वसंतांतील मासेमारीच्या जाळ्यासाठीं वाळुंजाच्या सालीची दोरी वळणें चालूच होतें. हर्ननें हें सारें लिहिलें. तिचें नांव मात्र लिहिलें नाहीं.