टंचाईच्या काळांतील शिक्षक

गेल्या उन्हाळ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी वाशी येथें घरीं भेटावयास आली होती. गणितांतील पदव्युत्तर पदवी आहे, नेट परीक्षा उत्तीर्ण आहे. तरी आज सात वर्षें ती सकाळीं नेरूळला व दुपारीं पनवेलला तासिका तत्त्वावर शिकवीत आहे. महाविद्यालयास सुटी लागली कीं हिच्या वेतनासही सुटी लागते! चहा घेतां घेतां तिनें विचारलें, "सर, हे मंदीचे दिवस सरले कीं जागा निघतील ना?" मी "निघतील" असें म्हणालों. पुढें या प्रश्नाचा मागील इतिहास मनांत घोळूं लागला, तेव्हां तें उत्तर मला खरें वाटेनासें झालें.

1876 ते 1878 च्या दुष्काळानें दख्खन होरपळून निघाली होती. त्या काळीं पदवीधरास मानाची व निर्वाहाची वाट म्हणजे सरकारी नोकरी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ती सोडली, आणि टिळक व नामजोशी यांच्यासह 1880 च्या आरंभीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. आगरकर त्यांस मागाहून मिळाले. 1884 सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व 1885 सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. गोखल्यांसारख्या विद्वानानें तेथें दरमहा 75 रुपयांवर वीस वर्षें सेवा करण्याचें पत्करलें. हा त्याग सर्वश्रुत आहे. परंतु हे शिक्षक स्वतःच संस्थेचे चालक होते, ही गोष्ट सांगावयाची बहुधा राहून जाते. वेतन किती घ्यावें, बाहेरची मिळकत असावी कीं नसावी, यावर ते आपसांत कडाक्यानें भांडले, व याच वादांतून 1890 सालीं टिळक संस्थेबाहेर पडले. पोट आवळून राहण्याचा तो निश्चय त्यांचा स्वतःचा होता.

त्याच वर्षांत धोंडो केशव कर्वे मुंबईस काय करीत होते? 1884 सालीं पदवी घेतल्यावर निरनिराळ्या शाळांतून थोडे थोडे तास शिकवून व खाजगी शिकवण्या करून ते संसार चालवीत. आजची तासिकांची धांवपळ ती हीच! 1891 सालीं गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्यें टिळकांच्या जागीं गणित शिकवूं लागले. पुढें 1893 सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला. मुरूडच्या मंडळींनीं बहिष्कार घातला. पण पुण्याची जागा टिकून राहिली. 1896 सालचा आश्रम व 1916 सालचें महिला विद्यापीठ यांच्या मुळाशीं कर्व्यांचें मनोधैर्य तर आहेच, पण ती स्थिर भाकरीही आहे. उद्यांचें अन्न अनिश्चित असलेला मनुष्य समाजाशीं कितीसा झगडणार?

1929 नंतरच्या जागतिक मंदींत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. साताऱ्यास भाऊराव पाटलांचें वसतिगृह याच काळांतून तरलें. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या जेवणासाठीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रही, देऊन टाकलें. अशा दिवसांत रयत शिक्षण संस्थेनें 1935 सालीं शिक्षक तयार करणारें विद्यालय काढलें, आणि पुढें खेडोपाडीं व्हॉलंटरी शाळा उघडल्या. तेथील शिक्षकांसही थोडक्यांत भागवावें लागलें. पण ज्यांनीं त्यांस झीज सोसावयास सांगितलें, त्यांनीं ती आधीं आपल्या घरीं सोसली होती. आमच्या वाशींत कर्मवीरांच्या नांवाचें जें महाविद्यालय आहे, तें याच संस्थेचें होय.

आतां अलीकडील गोष्ट घ्या. 2000 सालीं राज्याची तिजोरी ओढीची झाली, म्हणून शिक्षणसेवक योजना आली. पहिलीं तीन वर्षें प्राथमिक शिक्षकास दरमहा 3,000 रुपये मानधन! नांव 'सेवक', पण या सेवेच्या अटी ठरवितांना सेवकास कोणी विचारलें नव्हतें. त्यानंतर राज्यास भरभराटीचीं वर्षेंही येऊन गेलीं. मानधन वाढत वाढत 2023 सालीं 16,000 झालें. योजना मात्र उठली नाहीं. अडचणीपुरतें म्हणून घातलेलें छप्पर असें कायमचें घर होऊन बसतें. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वाची गत याहून वेगळी नाहीं.

यावरून एवढें दिसतें कीं, मंदी जागा गोठवूं शकते; पण मंदी सरली म्हणून त्या आपोआप वितळत नाहींत. शिकणारीं मुलें दुष्काळांतही होतीं व आजही आहेत. शिक्षकास स्थैर्य द्यावयाचें कीं नाहीं, हें अखेर माणसेंच ठरवितात, आणि त्या ठरविण्यांत शिक्षकाचा आवाज किती, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

पुढच्या खेपेस ती आली म्हणजे हें सांगेन. उत्तर कडू आहे खरें. पण गणिताच्या शिक्षिकेस चुकीचें उत्तर देऊन परत पाठविणें बरें नव्हे.